खुर्चीकाकूंची मान

कोर्टाच्या आवारात त्यांना सगळे खुर्चीकाकू म्हणत. चहावाला म्हणे, दाराशी बसणारे टंकलेखक म्हणत, आणि एकदा तर एका न्यायाधीशांच्याही तोंडून ते नाव निसटलं होतं. काकूंना त्याचं वाईट वाटत नसे. माणूस कामावरून ओळखला जावा, त्यात कमीपणा कसला, असं त्यांचं म्हणणं.

काम मात्र एका वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं. कोर्टापासून दोन गल्ल्या सोडून, एका छापखान्याच्या माडीवर, एक आधार केंद्र होतं. कुणाचं घर फोडलं गेलं, कुणाला मारहाण झाली, कुणाचं माणूसच गेलं, अशांना तक्रारीपासून निकालापर्यंत साथ द्यायची, एवढंच त्या केंद्राचं काम. साथ देणारीला तिथे सोबतीण म्हणत. सोबतीण वकील नव्हे, पोलीस नव्हे, डॉक्टरही नव्हे. "मग तुम्ही नेमक्या कोण?" असं कुणी विचारलं, की काकू म्हणत, "मी शेजारी बसणारी."

या शेजारी बसण्यातही एक रीत होती आणि ती काकूंनीच घातलेली होती. साक्षीच्या आदल्या दिवशी कामकाज आटोपून कोर्ट रिकामं झालं, की त्या साक्षीदाराला घेऊन तिथे जात. शिपाई दार उघडून देई आणि बाहेर बाकावर पेंगत बसे. मग काकू त्या माणसाला एकेका जागी बसवत. आधी वकिलांच्या खुर्चीत, मग लेखनिकाच्या, मग आरोपीच्या बाकावर, आणि सगळ्यांत शेवटी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. इथून घड्याळ कुठे दिसतं, पाणी कुणाकडे मागायचं, समोरच्याकडे बघवत नसेल तर नजर कुठल्या खिडकीवर ठेवायची, हे सगळं त्या बसल्या जागी दाखवत. न्यायाधीशांच्या खुर्चीला तेवढा हात लावायचा नाही, बाकी घर आपलंच, असं त्या म्हणत, आणि भीतीने गोठलेलं माणूसही तेवढ्यापुरतं हसे.

ही रीत त्यांना कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती. फार पूर्वी त्या एका पतसंस्थेत रोखपाल होत्या. एके दुपारी एकाने जाळीच्या आत हात घालून त्यांच्या गळ्याला सुरा लावला. पैसे गेले, माणूस पुढे सापडला, खटला उभा राहिला. साक्षीच्या दिवशी काकू एकट्याच गेल्या आणि दिसेल त्या रिकाम्या बाकावर बसल्या. शेजारच्या म्हातारीने त्यांना एकटं बघून आपल्याजवळचं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. नाव पुकारलं गेलं तेव्हा काकूंना कळलं, की ती आरोपीची आई होती. पिंजऱ्यात उभ्या राहिल्या त्या खाली बघतच. आरोपीच्या वकिलाने एवढंच विचारलं, की जी बाई माझ्याकडे मान वर करून बघू शकत नाही, तिने माझ्या अशिलाचा चेहरा बघितला कसा. आरोपी सुटला. काकूंना पुन्हा जाळीमागे बसवेना. नोकरी सुटली, घरात बसून भिंती खायला उठल्या, आणि मग कुणाच्या तरी ओळखीने त्या केंद्रात आल्या, आधी नुसता फोन घ्यायला.

पुढे त्या सोबतीण झाल्या आणि आणखी काही वर्षांनी नव्या सोबतिणींना शिकवू लागल्या. शिकवण्यासाठी माडीवरची मागची खोली होती. तिथे खालच्या छापखान्याचा आवाज इतका येई, की शिकणाऱ्या बायका आपोआप मोठ्याने बोलायला शिकत, असं मोठ्या बाई म्हणत. मोठ्या बाई म्हणजे केंद्राच्या संचालिका. वयाने त्या काकूंहून लहान होत्या, पण केंद्राचा सगळा भार त्यांच्या डोक्यावर होता.

काकूंच्या शिकवणीत तीन नियम होते आणि ते पाठ झाल्याखेरीज कुणाला बाहेर पाठवत नसत. काय घडलं ते विचारायचं नाही. काय बोलायचं ते सांगायचं नाही. निकालाचं वचन द्यायचं नाही. पहिले दोन नियम नव्या बायकांना जड जात. समोर माणूस रडतंय आणि काय झालं म्हणून विचारायचंही नाही, हे कसलं साथ देणं, असं त्या म्हणत. काकू समजावून सांगत, की साक्षीदाराचे शब्द ही त्याची एकट्याची ठेव आहे. आपण त्यात एक शब्द घातला, तरी समोरचा वकील तो बरोबर हुडकून काढतो, आणि मग त्याचे खरे शब्दही खोट्यांच्या पंक्तीला जाऊन बसतात. साक्षीदार आपणहून बोलू लागला तर काय करायचं, यालाही त्यांच्याजवळ उत्तर होतं. हात हळूच पुढे करायचा आणि म्हणायचं, "हे इथे नको. उद्या त्यांना सांगा."

त्या वर्षी केंद्रात एकच विषय होता. ज्या विश्वस्त संस्थेच्या मदतीवर केंद्र चाले, तिने कळवलं होतं, की काम मनास आलं तर आसपासच्या सगळ्या गावांतल्या सोबतिणींना शिकवण्याची जबाबदारी या केंद्राकडे द्यायची, आणि त्याचा खर्चही द्यायचा. नाही आलं, तर आहे ती मदतही पुढच्या वर्षी चालू राहील याची खात्री नव्हती. संस्थेचे एक तपासनीस येऊन सगळं बघून जाणार होते. मोठ्या बाईंना झोप लागत नव्हती. जिन्याची रंगरंगोटी झाली, मोडक्या खुर्च्या सुताराकडे गेल्या.

आणि नेमका त्याच सुमारास औषधवाल्यांचा खटला उभा राहिला.

औषधवाले म्हणजे बाजाराच्या तोंडाशी औषधांचं दुकान चालवणारे एक म्हातारे गृहस्थ. संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी दोघे जण तोंडाला रुमाल बांधून आत शिरले. एकाने म्हाताऱ्यांच्या हातातला शटर ओढायचा लोखंडी आकडा हिसकावला आणि तोच त्यांच्या डोक्यात घातला. झटापटीत दोघांचेही रुमाल सुटले. आत गोळ्यांची पाकिटं लावत उभ्या असलेल्या सुनेने दोघांचेही चेहरे पाहिले, पण आकड्याचा घाव पडला तेव्हा रुमाल बांधलेलेच होते. म्हातारे काही आठवडे दवाखान्यात बेशुद्ध होते आणि मग गेले. दोघे आरोपी पकडले गेले. दोघे दुकानात होते, याला पुरावा पुष्कळ होता. प्रश्न होता तो आकडा कुणाच्या हातात होता, हा. ज्याच्या हातात होता, त्याची शिक्षा फार मोठी होती.

सूनबाईच्या सोबतीला काकू गेल्या. केंद्रात सगळे त्या मुलीला सूनबाईच म्हणत, कारण तिची सासू तिला तशी हाक मारी. पोलिसांना जबाब दिल्यापासून ती त्या संध्याकाळबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. सासू रोज विचारी, नवरा विचारी, आणि ही भिंतीकडे बघत बसे. काकूंनी काही विचारलं नाही. त्या नुसत्या तिच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसत, गिऱ्हाइकांची वर्दळ बघत, आणि उठून येत. असं पुष्कळ दिवस चाललं.

एक गोष्ट मात्र काकूंनी केली, आणि ती करताना आपण काही चूक करतो आहोत असं त्यांच्या मनातही आलं नाही. सूनबाईच्या आधी समोरच्या स्टेशनरीवाल्याची साक्ष झाली. आरोपीचा वकील कसा बोलतो, आवाज चढवतो की गोडीत घेतो, हे कळलं तर पोरीच्या मनाची तयारी करता येईल, म्हणून काकू त्या दिवशी कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसल्या. स्टेशनरीवाल्याने सांगितलं, की आपण रस्त्यापलीकडून पाठमोरं पाहिलं, अंधारून आलं होतं, पण पळणाऱ्यातल्या एकाच्या डाव्या हातात काहीतरी लांब होतं. दोघा आरोपींतला एक डावखुरा होता. वकिलाने अंधाराचा आणि अंतराचा मुद्दा काढून त्याला पार गोंधळवून टाकलं. काकूंनी वकिलाची तऱ्हा लक्षात ठेवली. डावा हातही लक्षात राहिला.

सूनबाईच्या साक्षीच्या आदल्या संध्याकाळी दोघी रिकाम्या कोर्टात गेल्या. खिडक्यांतून तिरपं ऊन येत होतं, बाकांवर धूळ दिसत होती. काकूंनी तिला नेहमीप्रमाणे एकेका जागी बसवलं. आरोपीच्या बाकावर बसायला ती तयार होईना, तेव्हा आधी काकू स्वतः बसल्या. शेवटी ती पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली, कठड्यावर हात ठेवले, समोरच्या खिडकीकडे बघितलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"आकडा त्याच्या उजव्या हातात होता," ती म्हणाली. तिचा स्वतःचा हात नकळत वर गेला, थांबला, आणि मग दुसरा वर आला. "नाही. डाव्या. डाव्या हातात होता, काकू."

आणि तिने काकूंकडे बघितलं.

अशा वेळी काय म्हणायचं ते काकूंना स्वतःच्या पत्त्यासारखं पाठ होतं. पण इतके दिवस मिटलेलं तोंड आता कुठे उघडलं होतं. ते पुन्हा आपल्याच हाताने कसं मिटायचं, असं त्यांना झालं. त्या काही बोलल्या नाहीत. बोललो नाही म्हणजे नियम पाळला, असंच त्यांना वाटलं. दोघी पायऱ्या उतरून खाली आल्या, शिपायाने दाराला कुलूप घातलं. त्या रात्री काकूंना समाधानाची झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सूनबाई मान वर ठेवून बोलली. सगळं एकापाठोपाठ एक सांगितलं, आकडा डाव्या हातात होता हेही सांगितलं, आणि डावखुऱ्याकडे बोट केलं. मागच्या बाकावर तिच्या सासूने डोळे टिपले. मग आरोपीचे वकील उठले. हे वकील आवाज चढवणारे नव्हते, मऊ बोलणारे होते. पोलिसांना दिलेल्या जबाबात हाताचा उल्लेख नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. मग विचारलं, की हात आठवला कधी. ती म्हणाली, काल. कुठे, तर इथेच. कुणी सांगितला का, असं विचारल्यावर तिने ठाम नकार दिला. कुणी काही सांगितलं नाही, आपल्याला आधी उजवा वाटला, मग डावा.

"मग डावाच, ही खात्री कशाने झाली?"

खरं तेच सांगायचं, एवढं काकूंनी तिला नेहमी सांगितलं होतं. तिने खरं तेच सांगितलं.

"काकूंनी मान हलवली, म्हणून."

वकिलांनी मऊ आवाजात विचारलं, की या काकू कोण. सूनबाईने बोट केलं. कोर्टातली सगळी माणसं वळून बघू लागली. आपण मान हलवली होती, हे काकूंना त्या क्षणापर्यंत ठाऊकच नव्हतं. पण ऐकताक्षणी आठवलं. रिकामं कोर्ट, तिरपं ऊन, आणि स्वतःची हनुवटी एकदा खाली जाऊन वर आलेली. वकिलांनी अर्ज केला आणि पुढच्या तारखेला काकूंनी साक्षीला उभं राहावं असं न्यायाधीशांनी सांगितलं.

मधले दिवस फार वाईट गेले. एक दिवस मोठ्या बाईंनी काकूंना आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सगळं समोर मांडलं. केंद्राच्या बाया साक्षीदारांना पढवतात असं एकदा कागदावर आलं, की कोर्टाचं दार बंद. तपासनीस पुढच्याच महिन्यात येणार. इतक्या जणींचे पगार, इतक्या गावांतल्या बायकांचं शिक्षण, सगळं या एका उत्तरावर टांगलेलं. आणि ती पोर, जिने आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे तोंड उघडलं, तिच्या बोलण्यावर पाणी पडणार.

"कुणी बोलत असलं, की ऐकणारा मान हलवतोच," मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "सवय असते ती. तुम्ही तसं सांगितलंत, तर त्यात खोटं काय आहे, काकू?"

काकू उठून बाहेर आल्या. जिना उतरताना वाटू लागलं, की खरंच, त्यात खोटं काय आहे. घरी पोचेपर्यंत ते जवळजवळ पटलं होतं.

दारात सूनबाई उभी होती. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. आपल्यामुळे काकू अडचणीत आल्या, असं तिने मनाला लावून घेतलं होतं. ती घाईघाईने म्हणू लागली, की काकू, तुम्ही सांगा ना, की तुम्हाला तशी सवयच आहे, तुम्ही सगळ्यांशी बोलताना...

काकूंनी हात हळूच पुढे केला.

"हे इथे नको, बाळा," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी रिकाम्या कोर्टात जे तोंडून निघालं नव्हतं, ते आता निघालं. मुलगी पायऱ्या उतरून गेली. काकूंनी तिला आत बोलावलं नाही, पाणीही विचारलं नाही. त्यांना ते फार लागलं.

काकूंचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. आता दुकान मुलाकडे होतं, पण जुनी गिऱ्हाइकं घरी येत, आणि ते खिडकीशी बसून एका डोळ्याला भिंग लावून काम करत. बायकोच्या कामात ते कधी लुडबुड करत नसत. तुझं कोर्ट तुझ्यापाशी, माझी घड्याळं माझ्यापाशी, असं त्यांचं साधं गणित. काकूंनी त्यांना सगळं सांगितलं. मोठ्या बाईंचं म्हणणंही सांगितलं, आणि मग, आपलंच मत असल्यासारखं, म्हणाल्या, की सवयच असते ती माणसाला.

यजमानांनी भिंग काढलं नाही.

"तुला नाही," ते म्हणाले. "लग्न झाल्यापासून तुझ्यासमोर बसून बोलतोय मी. ऐकताना तू मान हलवत नाहीस. पटत असलं तरी नाही. तू डावी भुवई वर करतेस. पहिल्या पहिल्यांदा मला वाटायचं, माझ्या बोलण्यावर हिचा विश्वासच नाही."

"आणि आता?"

"आता वाटत नाही, माहीत आहे," ते म्हणाले आणि घड्याळाचं झाकण बसवू लागले.

काकू हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. मग आत जाऊन दिवा न लावता बसून राहिल्या.

तारखेच्या दिवशी काकू पिंजऱ्यात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. घड्याळ कुठे, पाणी कुठे, नजर ठेवायची खिडकी कुठली. ते माहीत असून घसा कोरडा पडतो, हे मात्र त्यांनी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मागच्या बाकावर मोठ्या बाई होत्या, सूनबाईची सासू होती. आरोपीच्या वकिलांनी, तुम्ही मान हलवली का, असं विचारलं, काकूंनी हो म्हटलं, आणि ते समाधानाने खाली बसले. मग सरकारी वकील उठले. त्यांनी काकूंसाठी वाट मोकळी करून दिली. माणूस ऐकताना मान हलवतोच, तसंच ते होतं ना, एवढंच त्यांनी विचारलं. नुसतं हो म्हणायचं होतं.

काकूंनी मान वर करून न्यायाधीशांकडे बघितलं.

"नाही साहेब. ऐकताना मान हलवायची सवय मला नाही. त्याआधी मी स्टेशनरीवाल्यांची साक्ष ऐकली होती. त्यांनी डावा हात म्हटलं होतं. म्हणून ती डावा म्हणाली, तेव्हा मी तोंडाने नाही, पण मानेने हो म्हटलं."

न्यायाधीशांनी लेखणी थांबवली. "आणि आधी ती उजवा म्हणाली, तेव्हा?"

"तेव्हा मी हलले नाही."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं.

निकाल लागायला पुढे बराच काळ गेला. दोघांनाही जबरी चोरीबद्दल शिक्षा झाली. ज्या साक्षीदाराने स्वतःला अडचणीचं असलेलंही लपवलं नाही, तिचं बाकी सगळं म्हणणं विश्वासार्ह आहे, असं न्यायाधीशांनी सूनबाईबद्दल लिहिलं. पण हाताबद्दलचं तेवढं वगळलं. आकडा कुणाच्या हातात होता ते सिद्ध झालं नाही, आणि म्हाताऱ्यांच्या मरणाची मोठी शिक्षा दोघांतल्या कुणालाच झाली नाही. तो हात खरोखर डावा होता की उजवा, हे आता कधीच कळणार नव्हतं, खुद्द सूनबाईलाही नाही. काकूंच्या मानेने तेवढं तिच्या आठवणीतून कायमचं काढून घेतलं होतं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर सासू काकूंसमोर उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही, शिव्याशाप दिले नाहीत.

"तुमच्या खरेपणाचं आम्ही काय करायचं?" एवढंच ती म्हणाली, आणि सुनेचा हात धरून निघून गेली.

त्या दिवसापासून बाजारात जाताना काकू औषधांच्या दुकानावरचा रस्ता टाळून, भाजीबाजाराला वळसा घालून जाऊ लागल्या.

रिकाम्या कोर्टाचं दार केंद्राला बंद झालं. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, त्यातलं एवढं तरी अक्षरशः खरं ठरलं. तपासनीस आले, तेव्हा मोठ्या बाईंनी त्यांना रंगवलेला जिना दाखवण्याआधी ही हकिकत सांगितली, अगदी स्वतः काकूंना काय सुचवलं होतं त्यासकट. सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता. तपासनीस वयस्क होते, कमी बोलणारे. त्यांनी काकूंना बोलावून एकच प्रश्न विचारला. असं पुन्हा होऊ नये म्हणून नव्या बायकांना काय शिकवाल, असं ते म्हणाले. मान आवरायला शिकवीन, असं काकू म्हणतील असं मोठ्या बाईंना वाटलं होतं. पण काकू म्हणाल्या, की मान कुणाच्या हातात नसते. जिला काही माहीत नाही, तिची मान हलली तरी त्यात काही नसतं. म्हणून साक्षीदाराबरोबर बसणारीने त्या खटल्यातली दुसरी साक्ष ऐकायची नाही, कागद वाचायचे नाहीत, वकिलांशी बोलायचं नाही. ते सगळं दुसरीने करायचं. मला वाटायचं, जितकं जास्त कळेल तितकी जास्त मदत होईल. मी तिथेच चुकले, असं त्या म्हणाल्या.

संस्थेने त्या वर्षी सोबतिणींचे पगार वाढवले नाहीत, उलट दोघींच्या जागा कमी केल्या. पण शिकवण्याचं काम दिलं, आणि चौथा नियम लिहून काढून सगळ्या गावांना पाठवायला सांगितलं. कोर्टाचं दार बंद झालं होतं, म्हणून छापखान्याच्या मागची कागदाची कोठार-खोली भाड्याने घेऊन तिथे खोटं कोर्ट उभारायचा खर्चही दिला. सुताराने कठडा केला, बाक केले, उंच खुर्ची केली. "तुमच्या मानेने खरं कोर्ट घालवलं आणि खोटं मिळवलं," असं मोठ्या बाई म्हणाल्या. त्या दोघींमध्ये पुन्हा थोडी थट्टा चालू लागली होती. काकू आता कुणाच्या शेजारी बसायला जात नसत. एकदा अशी साक्षीला उभी राहिलेली सोबतीण पुढच्या खटल्यात कुठल्याही वकिलाला आयती सापडते, हे त्यांनाच आधी कळलं होतं. त्या फक्त शिकवत. पहिल्याच दिवशी त्या आपली सगळी हकिकत सांगत, आणि सांगताना सासूचा प्रश्न वगळत नसत.

खोट्या कोर्टातल्या पहिल्या वर्गाच्या दिवशी सगळी पंचाईत झाली. साक्षीदार कुणी व्हायचं? एकीने प्रयत्न केला, तिला हसू आवरेना. दुसरी इतकी रडली, की सगळ्यांना तिचीच समजूत घालावी लागली. तेवढ्यात दारात कुणीतरी उभं असल्याचं काकूंना दिसलं. सूनबाई होती. केंद्राने प्रथमोपचाराची पेटी मागवली होती, ती घेऊन आली होती. दुकानात माणूस असताना ती स्वतः का आली, हे कुणी विचारलं नाही. किती वेळ उभी होती, तेही कळलं नाही. ती जरा वाळली होती.

"सासूबाई अजून तुमचं नाव काढत नाहीत," ती काकूंना म्हणाली. तिने पेटी टेबलावर ठेवली. मग कुणी काही म्हणायच्या आत कठड्याचं दार उघडून आत गेली. नव्या लाकडावर हात ठेवले. समोरच्या खिडकीकडे बघितलं.

खोलीतलं हसू विरून गेलं. ही आता काय सांगणार, असं काकूंना झालं. पण तिने त्या संध्याकाळचं काही सांगितलं नाही.

"त्याचा सदरा निळा होता," ती शांतपणे म्हणाली. थांबली. "नाही. हिरवा. हिरवाच होता." आणि समोर बसलेल्या नव्या सोबतिणीकडे बघितलं.

त्या बाईने हात हळूच पुढे केला. "हे इथे नको, ताई. उद्या त्यांना सांगा."

"बरं," सूनबाई म्हणाली. मग तिने नजर वळवली आणि काकूंकडे बघितलं. खूप वेळ बघितलं.

काकूंची मान हलली नाही. डावी भुवई मात्र वर गेली.